परकीय भाषांच्या अभ्यासमंडळांना खुले पत्र: वर्गातल्या भाषा अभ्यासक्रमात घ्या

प्रति,
अध्यक्ष व सदस्य,
परकीय भाषा अभ्यासमंडळे,
महाराष्ट्र व गोव्यातील विद्यापीठे

विषय: पदवी स्तरावरील परकीय भाषांचे तास, शिकवण्याचे माध्यम आणि परीक्षापद्धती

सन्माननीय सदस्यहो,

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर जर्मन, फ्रेंच, जपानी, स्पॅनिश, कुठे रशियन तर कुठे चिनी किंवा कोरियन अशा भाषा कुठल्याही शाखेच्या विद्यार्थ्याला ऐच्छिक विषय म्हणून घेता येऊ लागल्या. वाणिज्यची मुलं जपानी घेतात, संगणकशास्त्राच्या मुली जर्मन घेतात. हे व्हायलाच हवं होतं. पण मंजूर झालेले अभ्यासक्रम वाचताना एक गोष्ट सतत खटकते. ते ज्या विद्यार्थ्यासाठी लिहिलेत तो विद्यार्थी आमच्या वर्गात बसतच नाही. कागदावरचा विद्यार्थी इंग्रजीतून विचार करतो आणि जर्मन ही त्याची दुसरी भाषा असते. वर्गातला विद्यार्थी घरी अहिराणी बोलतो, शाळेत मराठी शिकलेला असतो, मित्रांत हिंदी आणि कॉलेजच्या पेपरात इंग्रजी वापरतो. जर्मन त्याची पाचवी भाषा असते. सोलापूरच्या वर्गात तेलुगू आणि कन्नड येते, मालेगाव-भिवंडीच्या मुलांबरोबर उर्दू येते, उल्हासनगरची सिंधी, तांड्यावरची गोरमाटी, गोव्यात तर कोंकणी आणि मराठी एकाच बाकावर.

चार भाषा येणाऱ्याला पाचवी शिकवण्याची रीत वेगळी असते. आमची मागणी एवढीच, की वर्गात आधीच असलेल्या भाषांना अभ्यासक्रमात, वेळापत्रकात आणि प्रश्नपत्रिकेत जागा द्या. स्नेहसंमेलनातल्या ‘विविधतेतून एकता’ कार्यक्रमात त्यांना ती मिळतेच आहे. (शाळेतल्या तिसऱ्या भाषेच्या वादात आम्ही इथे पडत नाही. तो वेगळा विषय आहे आणि त्यावर बोलणारे भरपूर आहेत.)

आधी तासांचा हिशोब, कारण तो चुकला की बाकी सगळं फुकट जातं.

थिअरीचं एक क्रेडिट म्हणजे १५ तास. दोन क्रेडिटांचा ऐच्छिक विषय म्हणजे सत्रात ३० तास, तेही एकही सुट्टी, एकही परीक्षा-ड्यूटी आणि एकही ‘आज हॉल मिळाला नाही’ मध्ये न आल्यास. ग्योटे इन्स्टिट्यूट, म्हणजे आपल्याकडचं मॅक्सम्युलर भवन, जर्मनच्या ए१ पातळीसाठी (युरोपीय भाषापातळ्यांतली ही पहिली पायरी, मग ए२, बी१, बी२ अशा चढत्या) ४५ मिनिटांच्या ८० ते २०० तासिका धरतं. आपले ३० तास म्हणजे त्यांच्या ४० तासिका. याचा अर्थ एका सत्रात ए१ ची किमान मर्यादासुद्धा अर्धीच गाठली जाते. तरी अभ्यासक्रमाच्या उद्दिष्टांत ‘विद्यार्थी दैनंदिन व्यवहारात जर्मनमध्ये आत्मविश्वासाने संवाद साधू शकेल’ असं वाक्य छापलेलं असतं. ते तिथून काढा. त्याऐवजी लिहा: स्वतःची ओळख, वेळ, आकडे, किंमत, पत्ता विचारणं आणि सांगणं, ए१ चा पहिला अर्धा भाग. मुलांना खरं सांगितलं की ती नाराज होत नाहीत. वर्षभरानंतर नोकरीच्या मुलाखतीत कळलं की होतात.

बी१ साठी ग्योटेचा अंदाज ३५० ते ६५० तासिकांचा आहे. सहाही सत्रांत दोन-दोन क्रेडिटं घेतली तरी १८० तास, म्हणजे २४० तासिका होतात. बी१ तिथून लांब आहे. मात्र हीच भाषा वीस क्रेडिटांचा मायनर, म्हणजे दुय्यम विषय म्हणून दिली तर ३०० तास, म्हणजे ४०० तासिका हातात येतात आणि बी१ च्या खालच्या मर्यादेपलीकडे पोचता येतं. हा फरक कागदी नाही. भारत आणि जर्मनी यांच्यात २०२२ च्या डिसेंबरात स्थलांतराबाबतचा करार झाला, २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला. जर्मनीत परिचारिकेच्या पदवीला मान्यता मिळवायला साधारणपणे बी२ लागतं. जपानच्या ‘विशिष्ट कौशल्य’ व्हिसासाठी जेएलपीटी या जपानी भाषेच्या परीक्षेची एन४ पातळी किंवा जेएफटी-बेसिक ही दुसरी भाषापरीक्षा लागते. कॉलेजच्या माहितीपत्रकात या संधींची चित्रं आणि वर्गात ३० तास, ही जोडी मुलांची फसवणूक आहे. उपाय सोपा आहे: गुणपत्रिकेवर आणि प्रमाणपत्रावर प्रत्यक्ष झालेले तास आणि पातळी छापा. ‘जर्मन, ३० तास, ए१ पूर्वार्ध’ असं. ‘डिप्लोमा’ या शब्दातून बाहेरच्या माणसाला काही कळत नाही.

आता मुख्य मुद्दा. तास कमी आहेत म्हणूनच ते इंग्रजीच्या वळणाने घालवणं परवडत नाही.

जर्मनचं एकच प्रकरण बघा. ‘मला थंडी वाजतेय’ हे जर्मनमध्ये ‘मीर इस्ट काल्ट’. ‘मीर’ म्हणजे ‘मला’. ‘मला हे पुस्तक आवडतं’ हे ‘दास बूख गेफेल्ट मीर’. पुन्हा ‘मला’. रशियनमध्येही तसंच, ‘म्न्ये होलदना’ म्हणजे मला थंडी, आणि ‘माझ्याकडे आहे’ साठी ‘उ मिन्या येस्त’, म्हणजे शब्दशः ‘माझ्यापाशी आहे’. आवड, थंडी, भूक, आठवण या गोष्टी माणूस करत नाही, त्या त्याला होतात. ही मांडणी मराठी मुलाच्या हाडीमाशी आहे. पण शिक्षक फळ्यावर ‘आय लाइक’ आणि ‘आय अ‍ॅम कोल्ड’ लिहून सुरुवात करतो. मग मूल ‘इश बिन काल्ट’ म्हणतं, ज्याचा अर्थ ‘मी थंड वृत्तीचा आहे’ असा होतो. उकडतंय म्हणून ‘इश बिन हाइस’ म्हटलं तर त्याहून अवघड प्रसंग येतो. ही चूक मराठीतून आलेली नाही. ती आपण इंग्रजीतून वर्गात आयात केलेली आहे, आणि ती दुरुस्त करायला पुढच्या सत्रात दोन तास जातात.

लिंगाचंही तेच. तीन लिंगं म्हटल्यावर इंग्रजीतून शिकवणारा आधी ‘निर्जीव वस्तूला लिंग कसं’ हेच समजावत बसतो. मराठी मुलाला तो, ती, ते कोणी समजावायची गरज नाही. उलट त्याला पहिल्याच दिवशी दाखवता येतं की पिल्लांच्या बाबतीत दोन्ही भाषा एकाच वाटेने जातात: ते मूल, ते वासरू, ते कोकरू, दास किंड, दास काल्प, दास लाम. तिन्ही नपुंसकलिंगी. त्याच श्वासात हेही सांगायचं, की हा मेळ सगळीकडे नाही. सूर्य जर्मनमध्ये स्त्रीलिंगी आहे. म्हणून नाम पाठ करताना नेहमी डेअर, डी, दास यांच्यासकट पाठ करायचं. हिंदी किंवा उर्दू घरच्या मुलांना दोनच लिंगं सवयीची असतात, त्यांना फ्रेंच सोपी जाते आणि जर्मनचं तिसरं लिंग मराठी मित्राकडून समजून घेता येतं. तेलुगू मुलांच्या बाबतीत हा भाग सुरुवातीला जड जाईल हे शिक्षकाला आधीच माहीत हवं.

वाक्यरचनेत तर पाठ्यपुस्तकांचा क्रमच उलटा पडतो. ‘कारण मी उद्या मुंबईला जातो’ हे जर्मनमध्ये ‘वाइल इश मॉर्गन नाख मुंबई फारं’. नुसतं ‘ला’ नामाच्या आधी गेलं, बाकी शब्दाला शब्द ठेवून बघा, क्रियापद शेवटी. इंग्रजी बोलणाऱ्यासाठी गौण वाक्य हा मोठा अडथळा असतो, म्हणून पुस्तकं ते उशिरा आणि घाबरत घाबरत आणतात. मराठी मुलं अडखळतात ती साध्या मुख्य वाक्यात, जिथे क्रियापद दुसऱ्या जागी यावं लागतं. तेव्हा सरावाचा वेळ पहिल्या महिन्यात मुख्य वाक्याला द्या. ‘वाइल’ (कारण) आणि ‘दास’ (इथे उपपद नव्हे, ‘की’ या अर्थाचा) यांची वाक्यं पुस्तकात आहेत त्यापेक्षा आधी आणली तरी चालतील.

आणि जपानी! जपानी वर्गात इंग्रजी हे माध्यम म्हणून वापरणं म्हणजे पुण्याहून साताऱ्याला नाशिकमार्गे जाणं. दोन्ही भाषांत कर्ता, कर्म, क्रियापद हाच क्रम. दोन्हींत ‘ला’, ‘चा’, ‘त’ सारखे प्रत्यय नामानंतर. ‘तोक्योनी इकिमास’, ‘टोकियोला जातो’. क्रियापदाच्या ‘ते’ रूपावर इंग्रजी पुस्तकं धडेच्या धडे खर्च करतात, कारण इंग्रजीत तशी सोय नाही. मराठीत ती ‘-ऊन’ आहे. पुढे तर साम्य थक्क करणारं आहे. ‘शिते मिरु’ म्हणजे करून बघणे, आणि ‘मिरु’ म्हणजे खरोखरच बघणे. ‘शिते ओकु’ म्हणजे करून ठेवणे, आणि ‘ओकु’ म्हणजे ठेवणे. ‘शिते शिमाउ’ म्हणजे करून टाकणे. ‘मोत्ते कुरु’ घेऊन येणे, ‘मोत्ते इकु’ घेऊन जाणे. हे पाच प्रयोग इंग्रजीतून समजावायला दोन-तीन तास लागतात आणि तरी मुलं परीक्षेत गोंधळतात. मराठीतून अर्ध्या तासात बसतात, उरलेला वेळ बोलण्याला मिळतो. हिंदी, कन्नड, तेलुगू घरच्या मुलांनाही हाच पूल आपापल्या भाषेतून मिळतो, फक्त विचारावं लागतं: तुमच्याकडे ‘करून बघ’ कसं म्हणतात?

लिपीही तशीच. हिरागाना या जपानी लिपीच्या ४६ अक्षरांची मांडणी भारतीय वर्णमालेवरून गेलेली आहे. स्वर आधी, मग का, सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा. चवर्गाच्या जागी ‘सा’ आणि पवर्गाच्या जागी ‘हा’ एवढं दाखवलं की मुलांना तक्ता ओळखीचा वाटतो. दोन आठवड्यांत हिरागाना आणि पुढच्या दोन आठवड्यांत काताकाना ही दुसरी लिपी होते. देवनागरीत उच्चार लिहू द्या, ‘किते’ म्हणजे येऊन आणि ‘कित्ते’ म्हणजे टपालाचं तिकीट हा फरक देवनागरी डोळ्यांना लगेच दाखवते. मात्र पाचव्या आठवड्यापासून देवनागरी सक्तीने बंद. नाहीतर मुलं सत्र संपेपर्यंत त्याच कुबडीवर चालतात आणि जपानी वाचनाचा वेग कधीच येत नाही. रोमन लिपीला तर पहिल्या दिवशीही थारा नको.

चिनीच्या बाबतीत रोमन लिपी टाळता येत नाही, कारण पिनयिन, म्हणजे चिनी उच्चार रोमन अक्षरांत लिहिण्याची पद्धत, तिथे लागतेच. पण तिथे होणारी चूक फार नेमकी आहे आणि ती समजून घ्यायला हवी. पिनयिनमध्ये ‘बी’ अक्षराने जो आवाज दाखवतात तो आपला ‘प’. ‘पी’ अक्षराने दाखवतात तो ओठ मिटून म्हटलेला ‘फ’. इंग्रजी वळणाचा विद्यार्थी ‘पी’ला ‘प’ म्हणतो आणि चिनी माणसाला तो ‘बी’चा शब्द ऐकू येतो. ‘डी’ आणि ‘टी’, ‘जी’ आणि ‘के’ यांचंही तसंच: त-थ, क-ख. आपल्या वर्णमालेत हे जोड तयार आहेत, मुलांना फक्त सांगायचं की रोमन अक्षरावर विश्वास ठेवू नका. अडचण एकच. आजची बरीच शहरी मुलं ‘फूल’ म्हणतानासुद्धा दात ओठावर टेकवतात. त्यांना आजीचा ‘फ’ परत शिकवावा लागतो, कारण चिनीत दातओठी आवाज वेगळा आहे आणि त्याने शब्द बदलतो. पिनयिनचा ‘झेड’ म्हणजे ‘चाक’ मधला च, ‘चहा’तला नव्हे. जर्मनचा ‘झेड’ही तोच, जपानीचा ‘त्सु’ म्हणजे ‘चूक’ मधला ‘चू’, फक्त ऱ्हस्व. मराठीत हा दंत्य च रोज वापरला जातो, तरी कित्येक जर्मन वर्गांत मुलं ‘त्साइट’ला ‘झाइट’ म्हणतात. चिनी शिकताना ‘आपण’ आणि ‘आम्ही’ हा फरकही कामी येतो: उत्तरेकडच्या बोलीत ‘त्सानमन’ म्हणजे ऐकणाऱ्यासकट आपण, ‘वोमन’ मध्ये तो असेल किंवा नसेल.

हे सगळं मराठीचं कौतुक म्हणून वाचू नये. वर्गातली प्रत्येक भाषा काही ना काही घेऊन येते. फ्रेंचमधला घशातला ‘र’ उर्दू बोलणाऱ्याच्या ‘ग़ज़ल’ मधल्या ‘ग़’च्या जवळ आहे. जर्मन ‘बूख’चा शेवट ‘ख़ुदा’च्या ‘ख़’सारखा होतो, मराठी मुलं तिथे साधा ‘ख’ म्हणतात. अशा वेळी ध्वनिफीत लावण्याआधी उर्दू घरच्या मुलीला म्हणायला सांगा. फ्रेंचचे अनुनासिक स्वर कोंकणी आणि हिंदी बोलणाऱ्यांना जमतात, प्रमाण मराठी बोलणाऱ्यांकडून ते गेलेले आहेत. जपानीत ‘ओजिसान’ म्हणजे काका-मामा आणि ‘ओजीसान’ म्हणजे आजोबा. मराठी बोलण्यात इकाराचा ऱ्हस्व-दीर्घ भेद इतका ढिला आहे की मुलांना तो ऐकूच येत नाही. तेलुगू-कन्नड घरच्या मुलांना येतो. जपानीत थोरला भाऊ, धाकटा भाऊ, थोरली बहीण, धाकटी बहीण यांना वेगळे शब्द आहेत, तेलुगू-कन्नडमध्येही आहेत, मराठीला मात्र थोरला-धाकटा जोडावं लागतं. चिनी नात्यांत उलट मराठी जवळची: काका, मामा, आत्या, मावशी, सगळे वेगळे.

साम्य दाखवलं की त्याची हद्दही दाखवावी लागते, नाहीतर मुलं वाहवत जातात. फ्रेंचमधलं उदाहरण बघा. ‘जी चिठ्ठी मी लिहिली’ याचं फ्रेंच ‘ला लेत्र क झे एक्रीत’. चिठ्ठी स्त्रीलिंगी म्हणून शेवटी ‘त’ ऐकू येतो. मराठी-हिंदीच्या मुलांना कर्मानुसार रूप बदलणं लगेच पटतं. मग ती उत्साहाने ‘झे एक्रीत ला लेत्र’ही म्हणू लागतात, आणि ते चूक आहे, कारण फ्रेंचमध्ये कर्म आधी आलं असेल तरच हा मेळ होतो. साध्या वाक्यात ‘झे एक्री ला लेत्र’च. म्हणजे पूल दाखवल्यानंतर पाच मिनिटं पुलाच्या टोकाशी सराव लागतो. जर्मन-फ्रेंचच्या उपपदांसाठी मराठी, हिंदी, कन्नड कोणीच मदतीला येत नाही. तिथे इंग्रजीचाच आधार घ्यावा. शब्दसंग्रहातही इंग्रजी फार उपयोगी पडते, आणि ते नाकारण्यात अर्थ नाही. ‘यू’वर दोन टिंबांचा जर्मन स्वर तर कुठल्याच घरात नाही: ‘ई’ म्हणत राहायचं आणि ओठ ‘ऊ’सारखे गोल करायचे, आरशासमोर, रोज दोन मिनिटं.

आपल्यापैकी काही सदस्यांचा आक्षेप आम्हाला माहीत आहे: भाषा त्याच भाषेतून शिकवावी. तत्त्व म्हणून मान्य. ३०० तास असतील तर जरूर. ३० तासांत, साठ जणांच्या वर्गात, चतुर्थी विभक्ती हातवारे करून समजावण्यात जो पाव तास जातो तो एका मराठी वाक्याने वाचतो. आमचं प्रमाण असं: एका तासात घरच्या भाषांतून स्पष्टीकरण जास्तीत जास्त दहा मिनिटं, सूचना, प्रश्न, दुरुस्ती आणि सराव लक्ष्यभाषेत. दहाची वीस झाली की वर्ग भाषेचा न राहता भाषेबद्दलच्या व्याख्यानाचा होतो. हे मराठीतून होतं तितकंच इंग्रजीतूनही होतं.

दुसरा आक्षेप: शिक्षकाला एवढ्या भाषा कुठून येणार? यायची गरज नाही. शिक्षकाला फक्त वर्गात काय आहे ते माहीत हवं. त्यासाठी पहिल्या तासाला एक पानाचं भाषापत्रक भरून घ्या, सहा प्रश्नांचं. घरी मोठ्यांशी कुठली भाषा बोलता? आजीआजोबा कुठली बोलतात? दहावीपर्यंतचं माध्यम कोणतं? कोणत्या लिपी वाचता येतात? आधी कुठली परकीय भाषा, किती वर्षं? कुठल्या भाषेतल्या मालिका, गाणी, अ‍ॅनिमे पाहता-ऐकता? प्रवेश अर्जातल्या ‘मातृभाषा’ या रकान्यावर विसंबू नका. तिथे एकच चौकट असते आणि कारकुनाच्या खिडकीसमोर उभं राहून सगळे ‘मराठी’ लिहितात. अहिराणी, वऱ्हाडी, गोंडी, कैकाडी, गोरमाटी लिहायला मुलं संकोचतात, कारण शाळेत त्यावरून हसण्याचा अनुभव असतो. म्हणून आधी उपयोग सांगायचा, वर दिलेलं एखादं उदाहरण करून दाखवायचं, आणि मग पत्रक वाटायचं. पत्रकात जात-धर्म नको, ते शिक्षकाकडेच राहावं, कार्यालयात जमा होऊ नये. नीट विचारलं तर साठांच्या वर्गात आठ-दहा भाषा सहज निघतात.

त्या माहितीवर चालण्यासाठी प्रत्येक भाषेची तुलना-पत्रकं लागतील: जर्मन-मराठी, जपानी-मराठी, फ्रेंच-कोंकणी अशी, प्रत्येकी बारा-पंधरा पानांची. काय जुळतं, कुठे जुळता जुळता फसतं, कुठला उच्चार कुठल्या घरच्या शब्दात सापडतो, एवढंच त्यात हवं. व्याकरणाचा जाडा ग्रंथ नको, तो कोणी उघडत नाही.

परीक्षेबद्दल थोडं सविस्तर, कारण वर्गात काय होईल ते शेवटी प्रश्नपत्रिका ठरवते. सध्या पन्नास गुणांच्या पेपरात रिकाम्या जागा, रूपं चालवा, दहा वाक्यांचं इंग्रजीत भाषांतर आणि ‘माझे कुटुंब’ हा निबंध असतो. निबंध पाठ होतो. ऐकणं नसतंच. तोंडी परीक्षा कागदावर असते, पण साठ मुलं आणि प्रत्येकी दहा मिनिटं म्हणजे दहा तास, म्हणून प्रत्यक्षात दोन मिनिटांत नाव-गाव विचारून बारा गुण दिले जातात. जपानीवाले जेएलपीटीकडे बोट दाखवतात. त्या परीक्षेत बोलणं आणि लिहिणं दोन्ही नाही, ती सगळी पर्यायी उत्तरांची आहे, म्हणून विद्यापीठाने तिची नक्कल करण्यात काहीच हशील नाही. जे ती तपासत नाही ते विद्यापीठाने तपासावं.

तोंडी परीक्षेचं गणित सुटतं. ग्योटेच्या ए१ परीक्षेत चार जणांपर्यंतचा गट एकत्र बसतो आणि सुमारे पंधरा मिनिटांत संपतो. साठ मुलांचे पंधरा गट, प्रत्येकी पंधरा मिनिटं, एकूण पावणेचार तास. दोन परीक्षक असतील तर एका दुपारचं काम. मुलं एकमेकांना प्रश्न विचारतात, कार्ड उचलून विनंती करतात, त्यामुळे पाठ केलेली ओळख फार काळ पुरत नाही. गट चिठ्ठ्या काढून करा. मुलांना ठरवू दिलं तर ती संवाद बसवून येतात.

श्रवणासाठी भाषा-प्रयोगशाळा नसली तरी चालते, एक बरा स्पीकर पुरतो. पण साठ जण एका हॉलमध्ये, पंखे चालू आणि मागच्या रांगेला फक्त घरघर, असं होऊ नये. तीस-तीसच्या दोन तुकड्या, लहान खोली, पंखे तेवढ्यापुरते बंद, ऐकण्याआधी प्रश्न वाचायला एक मिनिट, ध्वनिफीत दोनदा. एवढं पुरतं.

आणि एक नवा भाग घाला. युरोपीय परिषदेची २००१ ची भाषापातळ्यांची चौकट सगळे वापरतात, पण तिची पुरवणी, २०१८ मध्ये आलेली आणि २०२० मध्ये अंतिम झालेली, आपल्याकडे फारशी कोणी उघडलेली दिसत नाही. तिथे मध्यस्थी, म्हणजे एकाचं म्हणणं किंवा मजकूर दुसऱ्याला कळेल अशा भाषेत पोचवणं, या कौशल्याला ग्रहण, निर्मिती आणि संवादाच्या बरोबरीने स्थान आहे, आणि अनेक भाषा एकत्र वापरता येणं ही क्षमता म्हणून मोजली आहे. आपल्या मुलांना पुढे नेमकं हेच करायचं आहे. उदाहरणार्थ, जपानी भाषेतली यंत्राजवळ लावायची चार ओळींची सुरक्षा सूचना द्या. विद्यार्थ्याने ती चाकणच्या कारखान्यातल्या सहकाऱ्याला मराठीत किंवा हिंदीत तीन वाक्यांत सांगायची. आठ गुण: चार महत्त्वाचं काही न गाळल्याबद्दल, दोन नको ते न घातल्याबद्दल, दोन ऐकणाऱ्याला शोभेल अशा भाषेबद्दल. परीक्षकाला उत्तराची भाषा येत नसेल तर? म्हणून उत्तराच्या भाषा महाविद्यालयाने आधी जाहीर कराव्यात, निदान मराठी किंवा कोंकणी, हिंदी आणि इंग्रजी. पन्नास गुणांची आमची विभागणी अशी: श्रवण १०, वाचन १०, लेखन १०, बोलणं १२, मध्यस्थी ८. व्याकरणाला स्वतंत्र गुण नाहीत, ते लेखन-बोलण्यात दिसतंच. घरी करायची भाषांतराची कामं मात्र आता अंतर्गत गुणांतून काढून टाकावीत. ती कोण करतं हे आपल्यालाही माहीत आहे.

प्रवेशाच्या वेळी पातळी तपासा. आपल्याकडे शाळेत आणि अकरावी-बारावीला फ्रेंच किंवा जर्मन ‘स्कोअरिंग’ म्हणून घेण्याची प्रथा आहे. नव्वदच्या वर गुण मिळवलेलं मूल आणि अक्षरओळखही नसलेलं मूल एकाच बाकावर बसवलं की पहिलं कंटाळतं, दुसरं घाबरतं. वीस मिनिटांची लेखी आणि तीन मिनिटांची तोंडी चाचणी पुरे. गुणपत्रिका बघून तुकडी ठरवू नका, बोलायला लावून ठरवा.

शिक्षकांच्या नेमणुकांबद्दल एकच वाक्य: तासिका तत्त्वावरच्या शिक्षकाचा आदेश सत्र सुरू झाल्यावर दोन महिन्यांनी निघाला, तर ३० तासांचे २० होतात, आणि वर लिहिलेलं सगळं कागदावर राहतं.

संस्कृती या घटकाविषयी. प्रश्नपत्रिकेत ‘जर्मनीतील नाताळ’ आणि वर्षातून एकदा किमोनो घालून फोटो, यापलीकडे जायला हवं. पश्चिम जर्मनीने १९६१ मध्ये तुर्कस्तानशी कामगारांचा करार केला. आज जर्मन बोलणाऱ्या कित्येकांच्या घरी तुर्की आहे, म्हणजे त्यांच्या आणि आपल्या मुलांच्या वर्गाची अवस्था एकच. फ्रेंच शिकवताना मॉरिशस आणा. तिथे मराठी वंशाचे लोक आहेत, रस्त्यावर क्रेओल, वर्तमानपत्रात फ्रेंच आणि शाळेत मराठी विषयही आहे. गोव्यात पोर्तुगीज ही पर्यटनाची भाषा म्हणून विकू नका. कौटुंबिक मालमत्तेच्या कायद्याचं मूळ तिथे अजून १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेत आहे आणि जुने दस्त वाचणारी माणसं लागतात. मराठ्यांच्या इतिहासाची साधनं पोर्तुगीजमधून पांडुरंग पिसुर्लेकरांनी आणि फारसीतून सेतुमाधवराव पगडींनी पुढे आणली. तशा वाचकांची पुढची फळी घडवायची तर एम.ए.च्या वर्गात भाषेबरोबर हस्तलिखित वाचनाचे निदान ३० तास हवेत. फारसी, पोर्तुगीज आणि डच या तिन्हींना ‘रोजगारक्षम नाही’ म्हणून ऐच्छिक विषयांच्या यादीबाहेर ठेवणं ही आमच्या मते चूक आहे.

आपल्याकडे आमच्या तीन विनंत्या आहेत. पुढच्या बैठकीच्या कार्यक्रमपत्रिकेवर तास आणि पातळी प्रमाणपत्रावर छापण्याचा ठराव घ्यावा, त्याला वेगळा निधी लागत नाही. मध्यस्थी आणि गटाने तोंडी परीक्षा हे दोन बदल आधी एका भाषेत, दोन सत्रांसाठी, चार-पाच महाविद्यालयांत करून बघावेत. तुलना-पत्रकांसाठी उन्हाळी सुट्टीत दहा दिवसांची कार्यशाळा भरवावी, त्यात वरिष्ठ प्राध्यापकांइतकेच तासिका तत्त्वावरचे शिक्षकही असावेत आणि त्यांना त्या दिवसांचं मानधन मिळावं. जर्मन-मराठी आणि जपानी-मराठी पत्रकांचे कच्चे मसुदे, सहा प्रश्नांचं भाषापत्रक आणि मध्यस्थीच्या वीस नमुना प्रश्नांचा संच आम्ही बैठकीच्या आठवडाभर आधी मंडळाच्या कार्यालयात आणून देऊ. त्यांत चुका सापडल्या तर लाल शाईने लिहून परत पाठवाव्यात.

आपले विश्वासू,
महाराष्ट्र व गोव्यातील परकीय भाषांचे काही शिक्षक